व्याह्यांना द्यायचा डाव

गाडी शिकवणाऱ्या माणसाला गाडी चालवायला फारशी मिळत नाही, हे लोकांच्या लक्षात येत नाही. मास्तरांच्याही ते बऱ्याच उशिरा लक्षात आलं. तोवर त्यांचं निम्म्याहून जास्त आयुष्य बाजूच्या सीटवर बसून गेलं होतं. त्या सीटपुढे स्टिअरिंग नसतं, हाताशी आपला म्हणावा असा गिअर नसतो. पायाशी एक जादा ब्रेक असतो, तेवढाच. गाडी कुठे न्यायची हे मास्तरांच्या हातात कधीच नव्हतं. ती कुठे जाऊ द्यायची नाही, एवढं मात्र त्यांच्या पायात होतं.

शिकायला येणारे एकापेक्षा एक. वळण आलं की डोळे मिटून घेणाऱ्या एक बाई होत्या. मास्तरांनी कारण विचारलं तर म्हणाल्या, भीती वाटते हो. एक निवृत्त प्राध्यापक प्रत्येक गिअर टाकण्याआधी तो का टाकायचा याची चर्चा करत, आणि चर्चा संपेपर्यंत इंजिन बंद पडलेलं असे. एक कारकून उजवीकडे वळायचं म्हणून न चुकता वायपर सुरू करायचा. मास्तर कुणावर ओरडत नसत. ओरडायलाही अंगात जोर लागतो, आणि तो सकाळच्या दुसऱ्या विद्यार्थ्यापर्यंतच पुरायचा. पुढचा दिवस 'क्लच, क्लच, क्लच' एवढ्या मंत्रावर निघायचा. संध्याकाळी घरी आले की उजवा पाय बादलीतल्या गरम पाण्यात, आणि नजर भिंतीवर.

पाय मात्र बादलीबाहेरही कामावरच असायचा. बसमध्ये पुढच्या गाडीचा लाल दिवा लागला की मास्तरांचा पाय खाली जाई. सिनेमात नायकाची गाडी दरीकडे निघाली की समोरच्या खुर्चीला धक्का बसे. बायको म्हणायची, ह्यांच्या शेजारी बसून जाण्यापेक्षा चालत गेलेलं परवडलं. ड्रायव्हर एकदा ब्रेक मारतो, त्याच्यासाठी हे तीनदा मारतात.

ह्या सगळ्यावर उतारा म्हणून रविवार होता. सार्वजनिक वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर, शिवणक्लासच्या शेजारच्या खोलीत बुद्धिबळाचा क्लब भरायचा. भिंतीपलीकडे शिलाईयंत्रं घरघरायची आणि अलीकडे दहा-बारा प्रौढ माणसं लाकडी घोडे पुढे सरकवत गप्प बसलेली असायची. मास्तर तिथे पांढरी मोहरी मिळाली की आयुष्यभर एकच सुरुवात खेळत आले होते. वजिरापुढचं प्यादं दोन घरं पुढे, मग त्याच्या मागून उंट बाहेर, मग लहान प्यादी एकमेकांना खांदा देऊन त्रिकोणात उभी, घोडे ठरलेल्या जागी, राजा किल्ल्यात. समोरचा काय खेळतो याच्याशी ह्या सुरुवातीला फारसं सोयरसुतक नसतं. पुस्तकात तिला लंडन म्हणतात. मास्तर लंडनला गेले नव्हते, जायचा विचारही नव्हता. पण ह्या सुरुवातीत पहिल्या आठ-दहा खेळ्या डोकं बाजूला काढून ठेवून खेळता येतात, आणि आठवड्यातून एकदा डोकं बाजूला काढून ठेवायला जागा मिळणं ही मास्तरांची मोठी गरज होती.

लंडनची खोड एकच. ती सहसा हरत नाही, पण तिच्याकडून जिंकणंही होत नाही. मास्तरांचे बहुतेक डाव बरोबरीत सुटत. क्लबात त्यांना 'ब्रेकमास्तर' म्हणत ते त्यांच्या धंद्यावरून, असं त्यांना वाटायचं.

धंद्याचा संबंध होताच, पण वेगळा. डावात धोका दिसला की मास्तरांचा उजवा पाय टेबलाखाली ब्रेक मारायचा. तो नेमका टेबलाच्या आडव्या पट्टीवर पडायचा आणि टेबल हलायचं. मास्तरांना वाटायचं टेबल लंगडं आहे. त्यांनी ग्रंथपालांकडे दोनदा तक्रारही केली होती, आणि ग्रंथपालांनी गंभीरपणे टेबलाच्या पायाखाली कागदाची घडी घालून दिली होती. क्लबातल्या कुणीही त्यांना खरं सांगितलं नाही. कारण उघड होतं. आपली चाल बरोबर लागू पडली की नाही हे समोरच्याला टेबलच सांगत असेल, तर ते दुरुस्त कशाला करायचं?

वर्षाच्या स्पर्धेत प्रत्येकाला प्रत्येकाशी खेळावं लागायचं. त्या वर्षी मास्तरांचा शेवटचा डाव त्यांच्या व्याह्यांशी आला.

व्याही म्हणजे मास्तरांच्या एकुलत्या एका लेकीचे सासरे. नोकरीत असताना ते वजनमापं निरीक्षक होते. दुकानदारांच्या तागड्या तपासायच्या, वजनाच्या बुडाशी चिकटवलेलं मेण शोधायचं, तराजू कुठे अंगठ्याने दाबला जातो ते बघायचं, ह्यात त्यांची हयात गेली होती. त्यामुळे जे दिसतं तेच खरं, असं मानायची सवय त्यांना लागलीच नाही. बोलणं मुळात कमी. बायको वारल्यापासून ते आणखी आटलं आणि शेवटी एका शब्दावर आलं: "बघू." घराला रंग काढायचा का? बघू. डॉक्टरांकडे जायचं का? बघू. त्या 'बघू'तून पुढे होकार निघेल की नकार, हे घरात कुणालाच सांगता येत नसे. कित्येकदा काहीच निघत नसे. स्पर्धेतही त्या वर्षी ते एकामागून एक डाव हरत आले होते, आणि प्रत्येक हारीनंतर घरातला दिवा मालवल्यासारखे बसत.

शनिवारी संध्याकाळी मास्तरांचा पाय बादलीत असताना लेक आली. दोन गल्ल्या सोडून तिचं घर. ती अशीच यायची, हातात काहीतरी घेऊन, बसायला वेळ नाही म्हणत आणि मग तासभर बसत. त्या दिवशी ती बसायला वेळ नाही असं म्हणाली नाही, त्यावरूनच मास्तरांनी ताडलं की काम मोठं आहे.

तिच्या नवऱ्याला लांबच्या शहरात चांगली नोकरी मिळत होती. तिलाही तिथे मिळेल अशी होती. सोमवारी कळवायचं होतं. आणि घरात कुणीच अण्णांना, म्हणजे सासऱ्यांना, विचारलं नव्हतं. मुलगा बापापुढे उभा राहिला की घशाला कोरड पडायची. हिने दोनदा विषय काढायचा प्रयत्न केला, आणि दोन्ही वेळा शेवटी भाजी कुठली आणू एवढंच विचारून परत आली. अण्णा आरडाओरडा करतील अशी भीती नव्हती. ते 'बघू' म्हणतील ही भीती होती. तिथून पुढे त्यांचा विषय संपतो, आणि नोकरीवाले काही 'बघू'साठी थांबत नाहीत.

"मागच्या वर्षी ते एक डाव जिंकले होते," लेक म्हणाली. "त्या दिवशी त्यांनी वॉशिंग मशीनला हो म्हटलं. आपणहून. जेवताना हसले पण."

मास्तरांना तिचा रोख कळला. त्यांनी बादलीत पाय हलवून पाहिला. पाणी निवलं होतं.

"बाबा, उद्या हरा ना."

मास्तर म्हणाले, हे काय पोराला पतंग काटू देण्यासारखं आहे का? स्पर्धा आहे. नियम आहेत. शिवाय आपली सुरुवात अशी की तिच्यात माणूस हरत नाही. ती तशी बनलेलीच नाही. हरायचं तर आधी शिकावं लागेल, आणि आता ह्या वयात...

बायको आतून बाहेर आली. "पोरीसाठी एवढं करता येत नाही? हरायला काय लागतं? घरात रोज हरताच की."

"घरात समोर तू असतेस," मास्तर म्हणाले. "तिथे मला काही करावं लागत नाही."

लेक हसली, पण डोळ्यांत पाणी होतं, आणि मास्तरांनी मान डोलावली. त्यातली एक गोष्ट दोघींपैकी कुणाच्या लक्षात आली नव्हती, किंवा आली असली तरी कुणी बोललं नाही. मास्तर हरले तर व्याही खूश होणार, ते खूश झाले तर मुलांना हो म्हणणार, आणि हो म्हणाले की लेक जाणार. म्हणजे मास्तरांनी उद्या डाव घालवायचा तो लेक घालवण्यासाठी. दोन गल्ल्यांवरची लेक विमानाच्या अंतरावर जायची, आणि ती कामगिरी बापावर. ती गेल्यावर मास्तरांनी पाय पुसला, बादली रिकामी केली आणि तिथेच मोरीत थोडा वेळ उगाच उभे राहिले.

रविवारी खोलीत नेहमीसारखी शिळी हवा होती. शिवणक्लासला सुट्टी नव्हती. व्याही आधीच येऊन बसले होते. शर्टाचं वरचं बटण लावलेलं, पेन खिशाला सरळ. मास्तरांनी हात पुढे केला, त्यांनी तो वजन करावा तसा घेतला आणि परत दिला. ग्रंथपालांनी घड्याळ सुरू करायला सांगितलं.

मास्तरांनी वजिरापुढचं प्यादं दोन घरं सरकवलं. लंडनच लावायचं हे त्यांनी रात्रीच ठरवलं होतं. दुसरं काही लावलं असतं तर खोलीतल्या सगळ्यांनी माना वळवल्या असत्या. उंट बाहेर आला, प्यादी त्रिकोणात उभी राहिली. व्याह्यांनी आपला उंट समोर आणून मास्तरांच्या उंटाला आव्हान दिलं. मास्तरांचा उंट सवयीने एक घर मागे सरला. सगळं इतकं नेहमीसारखं चाललं होतं की आपण हरायला आलो आहोत हे मास्तर मध्यंतरी विसरले, आणि भानावर आले तोवर त्यांची बाजू थोडी वरचढ झाली होती.

आता हरायला सुरुवात करणं भाग होतं. त्यांनी एक हत्ती उगाच एक घर बाजूला नेला. काही झालं नाही. मग तो परत आणला. तरी काही झालं नाही. लंडन दोन खेळ्या फुकट गेल्या तरी ढिम्म हलत नव्हती. विद्यार्थ्यांनी क्लच जाळावा आणि गाडीने तरीही पळत राहावं, अशी ती जुनी गाडी. मास्तरांना आयुष्यात पहिल्यांदा आपल्या सुरुवातीचा राग आला.

व्याह्यांचा वजीर बाहेर आला आणि मास्तरांच्या डाव्या कोपऱ्यातल्या एका बिनराखणीच्या प्याद्यावर रोखला गेला. ही संधी होती. मास्तरांनी प्यादं न पाहिल्यासारखं केलं आणि भलतीकडेच चाल केली. आता व्याह्यांनी ते उचलायचं, एवढंच बाकी होतं. व्याह्यांनी हात उचलला. मग थांबले. त्या प्याद्याकडे त्यांनी असं पाहिलं, जसं निरीक्षकाने दुकानातल्या एका जरा जास्तच चकचकीत वजनाकडे पाहावं. मास्तरांनी प्यादं फुकट सोडलं, असं आजवर घडलं नव्हतं. तेव्हा ह्यात विष असणारच. बराच वेळ हिशेब करून व्याह्यांनी वजीर सुखरूप मागे नेला.

चांगल्या नावाचाही असा जाच असतो. मास्तरांची चूकही कुणी चूक म्हणून घ्यायला तयार नव्हतं. त्यांच्या कपाळावर घाम आला. हरायला एवढे कष्ट पडत असतील, तर जगात इतकी माणसं हरतात तरी कशी, असा प्रश्न त्यांना पडला.

शेवटी त्यांनी आडपडदा सोडला. पटाच्या मध्यावरून घोडा उचलला आणि सरळ काळ्या प्याद्याच्या तोंडी नेऊन ठेवला. त्यात डाव नव्हता, सापळा नव्हता, काही नव्हतं. घोडा फुकट होता. नवशिक्यालाही दिसला असता. मास्तरांनी घड्याळ दाबलं आणि पाठ खुर्चीला टेकली. आता त्यांना फक्त दमल्यासारखं वाटत होतं.

व्याह्यांनी घोड्याकडे पाहिलं. मग त्यांनी दोन्ही तळवे टेबलावर पालथे ठेवले आणि तसेच बसून राहिले. डोळे पटावर नव्हते, कुठेच नव्हते. कुणीतरी येण्याची वाट पाहावी तसे ते थांबले होते. शिलाईयंत्रं घरघरत राहिली. टेबल स्थिर होतं.

"बरोबरी?" व्याही म्हणाले.

मास्तरांना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. समोर अख्खा घोडा पडलाय आणि हा माणूस बरोबरी मागतो? त्यांना लेकीचा चेहरा दिसला. बरोबरीने वॉशिंग मशीनसुद्धा मिळालं नसतं.

"नको," ते म्हणाले. "खेळा. तुमची बाजू चांगली आहे."

डाव चालू असताना एवढं बोलणं नियमात बसत नव्हतं. ग्रंथपाल खाकरले.

"मास्तर," व्याही हळू म्हणाले, "हा घोडा मी खाणार नाही. घड्याळ संपेपर्यंत असाच बसेन. बरोबरी घ्या."

मास्तरांनी हात पुढे केला. ग्रंथपालांनी दोघांच्या नावापुढे अर्धा-अर्धा गुण लिहिला, आणि ब्रेकमास्तरांचा डाव बरोबरीत सुटला याचं खोलीत कुणालाही नवल वाटलं नाही.

वाचनालयासमोर चहाचं एक छोटं दुकान होतं, बाहेर दोन पत्र्याची टेबलं. व्याही कधी तिथे बसत नसत. आज आपण होऊन बसले, आणि पिशवीतून त्यांनी आपला घडीचा पट काढून टेबलावर ठेवला, पण उघडला नाही. चहा आला.

"तुमचा पाय हलला नाही," ते म्हणाले.

"कुठला पाय?"

"ब्रेकचा. धोका दिसला की तुमचा पाय जातो आणि टेबल हलतं. आज हललं नाही."

मास्तरांनी कप खाली ठेवला. टेबलं लंगडी आहेत, असं त्यांचं म्हणणं होतं. ग्रंथपालांनी घडीसुद्धा घातली होती. व्याही म्हणाले, टेबलं सगळी ठीक आहेत, त्यांनी एकदा सपाटी मोजायची पाणसळ लावून तपासली होती.

"हे सगळ्यांना माहीत आहे?"

"झाडणाऱ्या बाईंनासुद्धा."

आजवरच्या बरोबऱ्या मास्तरांच्या डोळ्यांपुढून एकेक करून गेल्या. त्यांतल्या काही बहुतेक हारीच होत्या, कुणीतरी दयेने सोडलेल्या. आणि काही जिंकायच्या राहिल्या होत्या, पायामुळे.

"ज्याला अपघात नको असतो त्याचा पाय आधी जातो," व्याही म्हणाले. "आज घोडा मरायला निघाला आणि पाय गप्प. म्हणजे अपघात ठरलेला होता. मी जन्मभर खोटी वजनं पकडली, मास्तर. कमी भरणारीच पकडायचो. आज पहिल्यांदा कुणी जास्त भरून दिलं. कुणी सांगितलं होतं?"

खोटं बोलायचं तर त्यालाही अंगात जोर लागतो. मास्तरांनी सगळं सांगितलं: नोकरी, सोमवार, घशाची कोरड, आणि वॉशिंग मशीनही.

व्याह्यांनी चहा संपवला. म्हणाले, मला माहीत होतं. माळ्यावरच्या बॅगांवरची धूळ पुसलेली दिसली. पुसलेली बॅग फार दिवस माळ्यावर राहत नाही.

"मग बोलला का नाहीत?"

"मी विचारलं असतं तर दोघं जात नाही म्हणाले असते. राहिले असते." त्यांनी रिकामा कप बाजूला सारला. "घरात कोण काय बोलत नाही, ते मला बायको सांगायची. आता सांगणारं कुणी नाही. मला वाटलं, बोलतील त्यांचे ते. तर ते माझ्या जिंकण्याची वाट बघत बसलेत. कंटाळा येतो हो. अख्खं घर आपल्या तोंडाकडे बघत असतं आणि आपल्या तोंडावर तर काहीच नसतं."

रस्त्यावर एक शिकाऊ गाडी चौकात बंद पडली. मागच्यांनी भोंगे वाजवायला सुरुवात केली. मास्तर सवयीने तिकडे बघत राहिले.

"पोरगी तुमची जाणार," व्याही म्हणाले. "तुमचं काय?"

"मला कुणी विचारलं नाही."

"मी विचारतोय."

गाडी दोन आचके देऊन पुन्हा सुरू झाली आणि वळली, वायपर न लावता.

"जाऊ नये असं वाटतं."

"मलाही," व्याही म्हणाले.

बोलून बदलण्यासारखं त्यात काही नव्हतं, हे दोघांनाही कळत होतं. आणि कळतं म्हणून हलकं वाटतं असंही नाही. दुकानदाराने न विचारता आणखी दोन चहा आणून ठेवले.

तेवढ्यात मास्तरांचा फोन वाजला. लेक. तिने काही विचारायच्या आत ते म्हणाले, "बरोबरी." पलीकडे इतकी शांतता पसरली की व्याह्यांनाही ती ऐकू गेली. त्यांनी हात पुढे केला. मास्तरांनी फोन दिला.

"मी बोलतोय," व्याही म्हणाले. "हो. बरोबरी झाली. उद्या कळवून टाका, दोघं येतो म्हणून... नाही, बघू नाही. हो म्हणालो... त्या माळ्यावरच्या बॅगा पुरायच्या नाहीत, एकीची कडी तुटलीय. नवी घ्या. रडायला काय झालं? रात्री बोलू." त्यांनी फोन परत दिला. फोन लावलेला कान गरम झाल्यासारखा चोळला. घरात बहुधा वर्षभरात बोलले नसतील इतकं ते एका दमात बोलले होते, आणि तेही थकले होते.

मग त्यांनी घडीचा पट उघडला आणि मोहरी मांडू लागले. सुरुवातीपासून नव्हे, मघाची मांडणी त्यांना तशीच्या तशी आठवत होती. मास्तरांचा त्रिकोण, आपला वजीर, कोपऱ्यातलं बिनराखणीचं प्यादं. पांढरा घोडा तेवढा त्यांनी तळहातावर धरून मास्तरांपुढे केला.

"हा होता तिथे ठेवा. आणि आता खेळा."

मास्तरांनी घोडा पटाच्या मध्यावर ठेवला आणि एक साधी, सरळ चाल केली. व्याह्यांचा वजीर पुन्हा बाहेर आला. ह्या खेपेला त्यांनी कोपऱ्यातल्या प्याद्याकडे पाहिलं, विषाबिषाचा विचार केला नाही आणि ते उचललं. वर त्यांचा वजीर आता हत्तीच्या अंगावर आला होता.

टेबल हललं. चहा बशीत सांडला. व्याह्यांनी आपला कप उचलून हातात धरला आणि मास्तरांच्या चालीची वाट बघत बसले.